निंब थोडा डावीकडे

उकंडराव निवृत्त झाले आणि त्याचा सगळ्यात मोठा ताप झाला तो ललिताबाईंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना. माणसाला घरी बसायची सवय नसली की हात शिवशिवतात. उकंडरावांनी आधी सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मग ते पटेना म्हणून आतल्या मालाप्रमाणे लावले. पुढे ते वर्णानुक्रमाने लावण्यासाठी स्टुलावर चढले, तेव्हा ललिताबाईंनी खालून स्टूल गच्च धरलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "उतरा. नाही तं मी हे डबे घेऊन माहेरी जाईन."

ते उतरले, पण उतरून करायचं काय? सकाळी रिसोडच्या बसस्टँडपर्यंत जाऊन कुठली गाडी किती उशिरा आली ते पाहून यायचे. आल्यावर घरात येरझारा घालायचे. शेजारच्या कस्तुराबाई एकदा कुंपणावरून म्हणाल्यासुद्धा, "ललिताबाई, तुमच्या घरात कोनी पाहुना आला काय? सारखं कोनी चालून राह्यलं." घरातल्या माणसाला पाहुणा म्हटलेलं उकंडरावांना फार लागलं.

शेवटी अकोल्याहून लेकीनं, योगिनीनं, जलरंगांची एक पेटी पाठवली. सोबत फोन केला, "बाबा, निसर्गचित्रं काढा. बीपीसाठी चांगलं असते म्हणे. शांत बसून करायचं काम आहे."

शांत बसून! ज्यांनी जलरंग कधी हातात धरले नाहीत तीच माणसं असं बोलू शकतात. या रंगांत सगळा खेळ पाण्याचा, आणि पाणी हे रिसोडच्या नळाला येतं तेव्हासुद्धा माणसाला शांत बसू देत नाही, तर कागदावर कुठून देणार? मोबाइलवर एक मास्तर होते. लांब केस, झब्बा, मागे कुठली तरी वाहती नदी. ते प्रत्येक धड्यात डोळे मिटून सांगायचे, "पाण्याला आपलं काम करू द्या. आपण थांबायचं." उकंडरावांना तेवढंच जमत नव्हतं. आकाश ओलं असतानाच ते डोंगर काढायचे, डोंगर आकाशात पळून जायचा. मग ते कागदावर फुंकर मारायचे, कागद कुलरसमोर धरायचे, आणि एकदा तर त्यांनी चित्राला इस्त्री केली. चित्राच्या कोपऱ्यात जो तपकिरी डाग पडला त्याला त्यांनी 'संध्याकाळ' असं नाव दिलं.

सल्ले तर न मागता मिळत होते. "हे पान्याचे रंग कायले करता?" कस्तुराबाई म्हणाल्या. "ऑइल पेंट घ्या. आमच्या गेटाले मारला तं अजून टवका नाही उडाला." ललिताबाई मात्र सल्ला देत नसत. त्या फक्त पाहत आणि एक प्रश्न विचारत. डोंगररांग दाखवली तर, "मुंगवड्या वाळू घातल्या काय?" पळसाचं झाड दाखवलं तर, "हे करपलं वाटते." उकंडरावांना खरं तर मोठं काही नको होतं. बायकोनं एका चित्राला 'बरं हाये' म्हणावं आणि ते बैठकीच्या भिंतीवर लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण भिंतीला नुकताच बदामी रंग दिलेला होता, आणि ललिताबाईंनी जाहीर केलं होतं की या भिंतीत खिळा जाणार नाही. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला लटकत होतं, तिथं डोंगराची काय कथा!

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं रामायण कळणार नाही. उकंडरावांची अख्खी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवून काढण्यात गेली होती. धुरे म्हणजे शेतांचे बांध, विहिरी, नाले, पायवाटा. ज्या रेघेवरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत ती रेघ केसभरही हलवून चालत नाही, आणि उकंडरावांनी ती कधी हलवली नाही. शिंक आली तरी ते नकाशावरून उठून व्हरांड्यात जाऊन शिंकायचे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि मनाच्या तळाशी थोडा कंटाळाही होता.

यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. जावयांचा हा सुगीचा काळ. ललिताबाईंचं माहेर रिठद. तिथून त्यांचा भाऊ विकास यानं रीतसर बोलावणं धाडलं, "जिजाजी, धोंडे खाले या." उकंडरावांनी धोतरजोडीच्या आधी रंगांची पेटी पिशवीत घातली.

जेवणाला वेळ होता. घरात पुरण शिजत होतं, बायका घामानं निथळत होत्या, आणि उकंडराव दारातून आत, आतून दारात करत होते. "जिजाजी, तुमी जरा वावराकडे जाऊन या," विकासनं हात जोडले. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली, पेटी काखेत मारली आणि गावालगतच्या वावराकडे निघाले.

मे महिन्यातलं वावर ते काय असणार? नांगरून टाकलेली काळी ढेकळं आणि वर पांढरं झालेलं आभाळ. डाव्या अंगाला विकासची विहीर, आणि नेमका दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर उभा एक जुना कडुनिंब. हिरवं म्हणून तेवढंच. उकंडरावांनी सडकेच्या बाजूनं खुर्ची मांडली आणि ब्रश ओला केला. पहिल्यांदाच पाण्यानं त्यांना थांबायला लावलं नाही. ब्रश पेटीतून कागदापर्यंत पोचेस्तोवर रंग वाळत होता. आभाळ एकसारखं पसरायचं सोडून गोधडीसारखं तुकड्यातुकड्यांचं झालं. मगातलं पाणी चहाइतकं गरम झालं.

"जवाई, काय मोजून राह्यले?" जाणाऱ्या एकानं विचारलं.

"मोजत नाही. चित्र काढतो."

"असं असं," म्हणून तो मागे उभाच राहिला. हळूहळू आणखी दोघे-तिघे जमले. एकानं आपली म्हैसही चित्रात घ्यायची विनंती केली. एवढ्यात एक बकरी आली आणि मगातलं निळं पाणी तोंड बुडवून पिऊन गेली. तिच्यामागून पांढऱ्या मिशांचे उंच गृहस्थ आले. हे गोविंदसिंग, धुऱ्यापलीकडच्या वावराचे मालक.

"जवाई, माह्या बकरीची दाढी निळी काहून झाली?"

उकंडरावांनी खुलासा केला. गोविंदसिंगांनी बकरीकडे, मग चित्राकडे, मग मान वळवून त्या कडुनिंबाकडे पाहिलं, आणि ते काही न बोलता निघून गेले. ते न बोलणं उकंडरावांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण कलावंत माणूस कामात असला की त्याला असल्या गोष्टी सुचत नाहीत.

कारण काम अवघड जागी येऊन अडलं होतं. कडुनिंब बरोबर मधोमध येत होता, आणि मास्तरांचा नियम होता, 'मुख्य झाड कधीही मधोमध नको. चित्राचे दोन तुकडे होतात.' म्हणजे झाड हलवायला हवं. धुऱ्यावरचं झाड! उकंडरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वर साहेब नव्हता, खाली अर्जदार नव्हता. त्यांनी श्वास रोखला आणि कडुनिंब उचलून थोडा डावीकडे, विहिरीच्या अंगाला नेऊन ठेवला. काही झालं नाही. धरणी दुभंगली नाही. उलट त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्यांनी झाडाला हवा तेवढा घेर दिला, दोन फांद्या जास्तीच्या दिल्या आणि मागच्या दोघांना उगाचच विचारलं, "काय, कसं?" आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट त्यांनी आपल्या मर्जीनं ठेवली होती. त्या आनंदात त्यांनी खाली वळणदार सही केली, फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसवर टाकला, 'रिठद शिवार. जलरंग.'

ते घरी पोचायच्या आत स्टेटस पोचलं होतं. विकासनं त्यांना दारातच मिठी मारली.

"जिजाजी, काम केलं तुमी! इतकी वर्सं मी बोंबलून राह्यलो, निंब आपल्या हद्दीत हाये. तुमी एका दनक्यात आनला!"

मग उकंडरावांना कळलं ते असं. त्या कडुनिंबाच्या बुंध्यावर गोविंदसिंगांनी पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी ठोकली होती. विकासला तिथंच ट्रॅक्टरसाठी टिनाचं छप्पर घालायचं होतं. पेटी निघाली, पुन्हा ठोकली गेली, पुन्हा निघाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर विकास आपल्या ट्रॅक्टरकडे पाहून मोठ्यानं बोलायचा आणि गोविंदसिंग आपल्या बकरीला उत्तर द्यायचे.

"अरे पण विकास, ते चित्र हाये," उकंडराव म्हणाले. "चित्रात झाड हलवता येते."

"चित्रच हाये ना. पन काढलं कोनं? तुमची सारी जिंदगी मोजनीत गेली. तुमाले माहीत नाही तं कोनाले माहीत?" विकासनं ते तोवर गावाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा होतं. धोंड्यांवर तुपाची धार नेहमीपेक्षा बराच वेळ पडत राहिली. उकंडरावांना ते तूप गोड लागलं नाही. आपल्या चित्राला कोणी चित्र म्हणत नाही, हे त्यांच्या मनाला डाचत होतं. ललिताबाईंनी तर ते पाहिलं न पाहिलं केलं आणि आत निघून गेल्या.

रिसोडला परतून फार दिवस झाले नाहीत तोच दारात गोविंदसिंग उभे. हातात केनवडच्या बाजारातल्या आंब्यांची टोपली.

"जवाई, मी बी तं तुमचा सासराच," ते बसता बसता म्हणाले. "गावची लेक दिली म्हनजे तुमी साऱ्या गावाचे जवाई. एका घरचे धोंडे खाल्ले अन् दुसऱ्या घरचे टाकले, हा काय इन्साफ झाला? घरी मोतीबाईनं अनारशाचे तांदूळ भिजू घातले."

झाडाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. इतक्या मायेनं आलेल्या म्हाताऱ्याला नाही म्हणणं उकंडरावांच्या जिवावर आलं. ललिताबाई भाच्याच्या आजारपणाची चौकशी फोनवर करत होत्या, त्या नको म्हणेपर्यंत यांनी हो म्हटलं होतं.

गोविंदसिंगांनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. त्यांच्या बायकोनं, मोतीबाईंनी, ओवाळलं, तांब्याच्या ताटात अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण दिलं. जेवणानंतर पाहतात तो वावरात, सडकेच्याच बाजूला पण धुऱ्याच्या पलीकडे, कुलर लावलेला. मोटारीच्या लाइनवरून वायर ओढली होती. कुलरसमोर खुर्ची, खुर्चीसमोर टेबल, टेबलावर माठातलं थंड पाणी. बकरी बांधून ठेवली होती.

"काढा निवांत," गोविंदसिंग म्हणाले. "आमी काही सांगत नाही. तुमाले दिसन तसं काढा."

आता माणसाला कुलरची हवा लागत असताना, पोटात अनारसे असताना आणि यजमान पाठीशी उभा असताना काय दिसणार? उकंडरावांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. झाड मधोमध नको हे तर ठरलेलंच. डावीकडे एकदा काढून झालं. कलावंतानं तेच तेच करू नये असंही मास्तर म्हणायचे. तेव्हा कडुनिंब उजवीकडे, गोविंदसिंगांच्या अंगाला गेला. चित्र त्यांच्या मते पहिल्यापेक्षाही बरं उतरलं. त्यांनी ते स्टेटसवर टाकलं नाही, तेवढी अक्कल आली होती. पण सही केली. फोटो गोविंदसिंगांनी काढला.

संध्याकाळी रिसोडच्या घरी ललिताबाईंचा फोन गरम झालेला होता आणि त्याहून त्या स्वतः.

"माह्या भावाच्या घरचे धोंडे खाऊन त्याचं झाड दुसऱ्याले देऊन आले तुमी?"

"अवं, कागदावर देलं."

"जमीन कागदावरच राह्यते! तुमीच म्हनता ना?" हे मात्र उकंडराव खरंच म्हणत असत. "विकास म्हनते, जिजाजीनं नाक कापलं. माह्या माहेराचा रस्ता बंद केला तं याद राखा."

त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं आणि मागायची उकंडरावांची छाती झाली नाही.

पण खरा घाव पुढेच होता. जुन्या कचेरीतून शिवमचा फोन आला. शिवम म्हणजे उकंडरावांच्या खुर्चीवर आता बसणारा मुलगा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला, फार अदबीचा.

"साहेब, तब्येत बरी हाये ना? एक विचाराचं होतं. रिठदच्या एका धुऱ्याचे दोन अर्ज आले. दोन्हीले कलर झेरॉक्स जोडली हाये. चित्र हाये काहीतरी. खाली सही तुमचीच वाटून राह्यली."

उकंडराव खुर्चीत बसले.

"साहेब, स्केल काय धरली? अन् उत्तर दिशेचा बान सापडून नाही राह्यला."

"शिवम, ते निसर्गचित्र हाये."

"हो साहेब, निसर्ग छान आला. पन एका चित्रात झाड इकडे अन् एकात तिकडे. आमचे मोठे साहेब विचारतात, दोनपैकी खरं कोनतं?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "असं करा, खरं असन तसं तिसरं काढून द्या. मी फाईलीले लावून टाकतो. म्हनजे तुमच्या नावाले बट्टा नको."

ज्या माणसानं उभ्या हयातीत शिंकसुद्धा नकाशावर पडू दिली नाही, त्याच्या सहीचे एकाच धुऱ्याचे दोन नकाशे त्याच्याच कचेरीच्या टेबलावर पडले होते. उकंडराव घरभर फिरले. अंगणात फिरले. कस्तुराबाईंनी कुंपणावरून विचारलं, "पाहुना अजून गेला नाही काय?"

मग उकंडरावांनी तिसरं चित्र काढलं. मोजपट्टी घेऊन, टोकदार पेन्सिलीनं, धुरा कागदाच्या नेमक्या मध्यावर आणि त्यावर कडुनिंब असा उभा की दोन्ही बाजूंना फांद्यासुद्धा सारख्या. एका फांदीचं पान जास्त झालं ते खोडून काढलं. इतकं केल्यावर तरी जग समाधान पावेल असं त्यांना वाटलं होतं. चित्र विकासला, गोविंदसिंगांना आणि शिवमला, असं तिन्हीकडे पाठवलं.

"झाड मदात काढलं ते ठीक," विकासचा फोन आला. "पन सावली काहून त्याच्या वावरात पाडली? सावली पाडली म्हनजे झाड त्याचं झालं ना!"

"अरे, सकाळची सावली तिकडेच पडते."

"मंग दुपारची काढाची होती!"

गोविंदसिंगांचं म्हणणं वेगळं. बुंध्यावर खिळ्यांची भोकं दाखवली नाहीत, म्हणजे पेटी कधी नव्हतीच असं दिसतं, हा पुरावा मिटवल्यासारखं झालं. मोबाइलवरच्या मास्तरांनाही चित्र पाठवलं होतं, त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'झाड मधोमध आले आहे.' आणि ललिताबाईंनी चष्मा लावून, कागद लांब धरून, नेहमीसारखा प्रश्नही न विचारता सांगून टाकलं, "हे चित्र नाही. हा तं नकाशा हाये."

हे वाक्य उकंडरावांना इतकं झोंबलं की त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. जो नकाशा सुटावा म्हणून एवढा खटाटोप केला तोच पुन्हा कागदावर उतरला होता, आणि तोही बायकोनं ओळखला. आपल्याला एक झाड आपल्या मनासारखं ठेवता येऊ नये! डावीकडे ठेवलं तर याचा अपमान, उजवीकडे ठेवलं तर त्याचा, मध्ये ठेवलं तर कलेचा. रागारागानं त्यांनी नवा कागद घेतला आणि चौथं चित्र काढलं. आभाळ, ढेकळं, विहीर. झाडच नाही. धुऱ्यावर नुसती हवा. खाली लिहिलं, 'रिठद शिवार. झाड नाही. विषय संपला.' ते स्टेटसवर टाकून, पहिलं चित्र चुरगाळून माळ्यावर फेकून ते आडवे झाले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दुपारचे घोरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. पुढे विकास बसला होता आणि मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, गोविंदसिंग. उकंडरावांनी डोळे चोळले. कस्तुराबाई तर कुंपणाला येऊन चिकटल्या.

"झाड कुठी गेलं?" विकास ओट्यावरूनच ओरडला.

"कुठी गेलं झाड?" मागून गोविंदसिंग.

"अरे, चित्रातून काढलं. तिथं हायेच ना ते?"

"आता हाये!" विकास धापा टाकत होता. "गावात साऱ्याईले समजलं. मोजनीवाल्या जवायानं झाड उडवलं म्हनजे वरून काहीतरी आलं. पाणंद रस्ता जाऊन राह्यला म्हने धुऱ्यावरून. निंब कटनार."

"जवाई, खरं सांगा," गोविंदसिंगांचा आवाज बसला होता. "कोनाची सही हाये त्याच्यावर? आमी दोघं मिळून अर्ज देतो. झाड याचं असो की माहं असो, पन कटू देनार नाही. माह्या बापानं त्याच्या सावलीत जीव सोडला."

"अन् माह्या आजानं पानी घालून जगवलं ते," विकास म्हणाला.

दोघं एकमेकांकडे पाहून बोलत होते. ट्रॅक्टर नव्हता, बकरी नव्हती. उकंडरावांनी शपथेवर सांगितलं की कुठलाही रस्ता नाही, कुठलाही कागद नाही, रागाच्या भरात एका म्हाताऱ्या माणसानं झाड काढलं नाही एवढंच. दोघांना ते पटायला चहाचे दोन कप लागले. पटल्यावर दोघांनी एकदमच एक मोठा श्वास सोडला, आणि उकंडराव मान खाली घालून बसले. एक साधा छंद धरला आणि सगळ्या सासुरवाडीचा जीव टांगणीला लावला. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

"आजपासून बंद," ते म्हणाले. "पेटी योगिनीले परत धाडतो."

आतून ललिताबाई आल्या. एका हातात खलाचा बत्ता, दुसऱ्या हातात एक खिळा, आणि काखेत फ्रेम केलेलं चित्र. माळ्यावर फेकलेलं, चुरगाळलेलं, गोधडीच्या आभाळाचं पहिलं चित्र. त्यांनी ते इस्त्री करून काचेत बसवून आणलं होतं. एका कोपऱ्यात संध्याकाळ झाली होती.

"ताई, याच्यात तं निंब आपल्याकडे हाये," विकासचे डोळे चमकले.

"चूप बस," ललिताबाई म्हणाल्या. "कोनाकडे नाही तो. हे सडकेच्या बाजूनं बसले म्हनून यायले मदात दिसला. खळ्यातून पाहाले पाह्यजे. आमी लहानपनी खळ्यात बसून न्याहारी करो, तिथून निंब असाच विहिरीच्या अंगाले दिसे. अस्साच. येवढाच घेर." त्यांनी पदराचं टोक काचेवरून फिरवलं. "काहून गोविंदभाऊ? तुमी बी तं तिथीच बसून माह्या मायच्या हातच्या भाकरी खाल्ल्या."

गोविंदसिंगांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. "हो ना बापा," ते म्हणाले. "खळ्यातून असाच दिसे."

उकंडराव कधी त्या खळ्यात बसले नव्हते. त्यांनी झाड नुसतं आपल्या मर्जीनं सरकवलं होतं, आणि ते जाऊन बायकोच्या लहानपणात उभं राहिलं होतं. ते उगाचच खिशात काहीतरी शोधू लागले.

"कुठी ठोकू?" ललिताबाईंनी बदामी भिंतीकडे पाहत विचारलं.

"डाव्या बाजूनं, ताई," विकास म्हणाला.

"काही डाव्या बाजूनं नाही. उजवीकडे उजेड चांगला हाये," गोविंदसिंग म्हणाले.

"तुमाले प्रत्येक गोष्ट उजवीकडेच पाह्यजे!"

"अन् तुले? स्टार्टरची पेटी कोनं काढली आधी?"

दोघांचं जुंपलं. उकंडरावांच्या हाताला खिशात मोजपट्टी लागली होती. त्यांनी ती बाहेर काढली, भिंतीचा मध्य डोळ्यांनी धरला, आणि मग पट्टी पुन्हा खिशात टाकली.

"तुले दिसन तिथी ठोक," ते म्हणाले.

ललिताबाई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी भिंतीकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, परत आल्या आणि बत्त्याचा एक ठोका हाणला. बदामी रंगाचा चांगला तळहाताएवढा पोपडा खाली पडला. दुसऱ्या ठोक्याला खिळा बसला. चित्र लागलं.

"थोडं वाकडं हाये," उकंडराव हळूच म्हणाले आणि त्यांचा हात फ्रेमकडे गेला.

"राहू द्या," ललिताबाईंनी तो हात धरून खाली केला. "मले बरं दिसते."